आठ काउंट्या आणि एक गारठलेलं नाक

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहून गेले होते, की जेम्स मॅडिसन आणि जेम्स मन्रो हे अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष एके काळी एकाच खासदारकीसाठी एकमेकांसमोर उभे होते. एका ओळीचा उल्लेख. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून हा सगळा अंक त्याच एका ओळीला.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात सातवीत आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो मला अभ्यासातलं काहीतरी विचारतो आणि मी 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून वेळ मारून नेतो. मॅडिसन आणि मन्रो मित्र होते, मग लढले कसे? आणि मॅडिसनला पाडण्यासाठीच मतदारसंघ आखला होता, असं नातू म्हणतो. खरं का?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, (म्हणते खरी, पण तुम्ही माझ्याच वयाचे असाल) नातवाचं म्हणणं पाऊण खरं आहे. उरलेला पाव तुम्ही त्याला सांगा, म्हणजे एक रविवार तरी तुमचा.

गोष्ट १७८८-८९ च्या हिवाळ्यातली. अमेरिकेची नवी राज्यघटना नुकतीच मंजूर झालेली. व्हर्जिनियाने ती जून १७८८ मध्ये रिचमंडच्या अधिवेशनात स्वीकारली, ती ८९ विरुद्ध ७९ मतांनी. सहा जण फिरले असते तर बाजी उलटली असती. घटनेच्या बाजूने किल्ला लढवला मॅडिसनने. विरोधात पॅट्रिक हेन्री. 'स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या' हे भाषण ज्याच्या नावावर आहे तोच हा हेन्री. उभा राहिला की सभा जिंकणारा. मॅडिसन त्याच्या अगदी उलट : उंची पाच फूट चार इंच, आवाज इतका बारीक की मागच्या बाकावर ऐकूच येऊ नये, पण मुद्देसूद. मन्रोने त्या अधिवेशनात घटनेच्या विरोधात मत दिलं होतं. म्हणजे मैत्री होती आणि मतभेदही होता. पुण्यात राहून तुम्हाला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

अधिवेशनात हेन्री हरला, पण राज्याचं विधिमंडळ त्याच्या मुठीत राहिलं. सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहातले खासदार) तेव्हा लोक निवडत नसत, विधिमंडळ निवडायचं (ही पद्धत १९१३ पर्यंत चालली). नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या दोन जागांसाठी मतं पडली : रिचर्ड हेन्री ली ९८, विल्यम ग्रेसन ८६, मॅडिसन ७७. ज्याने घटना घडवण्यात जिवाचं रान केलं, त्याचाच पत्ता कट.

राहिलं प्रतिनिधिगृह, म्हणजे काँग्रेसचं (तिथल्या संसदेचं) खालचं सभागृह. व्हर्जिनियाच्या वाट्याला दहा जागा आल्या होत्या आणि त्यांचे मतदारसंघ पाडायचं काम त्याच विधिमंडळाकडे. मॅडिसनची ऑरेंज काउंटी (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा) आणखी सात काउंट्यांबरोबर पाचव्या मतदारसंघात बांधली गेली : कल्पेपर, स्पॉट्सिल्व्हेनिया, लुइझा, गूचलंड, फ्लुव्हॅना, अ‍ॅल्बमार्ल, अ‍ॅमहर्स्ट. यातल्या बऱ्याच ठिकाणी घटनाविरोधकांचा जोर होता. आणि समोर उमेदवार उभा केला मन्रो. वय तिशीचं, स्वातंत्र्ययुद्धात ट्रेंटनला गोळी खाल्लेला, देखणा, लोकांत मिसळणारा.

आता पाव भाग. नकाशा काढून बघितलात तर या मतदारसंघाला शेपूट नाही, शिंगं नाहीत. अख्ख्या काउंट्या, एकमेकींना लागून. नुसत्या नकाशावरून कुणी चोरी पकडू शकणार नाही. मला विचाराल तर खरी खोच हद्दीत नव्हती, एका अटीत होती. विधिमंडळाने कायद्यात घातलं, की उमेदवार त्या मतदारसंघात बारा महिने राहिलेला हवा. घटनेत अशी अट नाही, त्या राज्याचा रहिवासी असला की पुरे. पण ही अट आल्यावर मॅडिसनला शेजारच्या सोप्या मतदारसंघात सरकायची वाट बंद झाली. दार लावायचं आणि मग मांजराला कोपऱ्यात गाठायचं, तसं. शाळेत ही निवडणूक शिकवताना सगळे नकाशाच दाखवतात. नकाशा फळ्यावर काढता येतो, अट काढता येत नाही, म्हणून असेल.

मॅडिसन या काळात न्यूयॉर्कला होता. मतं मागत दारोदार फिरणं त्याला मुळातच नकोसं. त्यात मूळव्याधीने बेजार. हे माझं टोमणं मारणं नाही, त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. घोड्यावर आणि हिवाळ्यातल्या रस्त्याने घोडागाडीतून व्हर्जिनिया गाठायचं म्हणजे काय, हे ज्याला भोगायला लागलंय त्याने समजून घ्यावं. पण मित्रांनी गळ घातली, 'घरी ये, नाहीतर गेलास', आणि डिसेंबरच्या अखेरीला तो ऑरेंजला पोचला.

पोचल्यावर कळलं, की आपल्याविषयी एक कंडी पिकवली गेलीय : मॅडिसनला घटनेत एक अक्षरही बदलायचं नाही. याचा सगळ्यात मोठा धसका घेतला होता बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी. इंग्रजी अमलात व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च सरकारी आणि बाकीचे उपरे. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकलं होतं, कल्पेपरच्या कोठडीतसुद्धा. तरुण मॅडिसन त्या वेळी या प्रकाराने चिडला होता. पण मतदानाच्या तोंडावर पंधरा वर्षांपूर्वीची चीड कोण लक्षात ठेवतो? त्यांना लेखी हवं होतं.

२ जानेवारी १७८९ ला त्याने जॉर्ज ईव्ह या बाप्टिस्ट उपदेशकाला पत्र लिहिलं. मतलब असा : घटना मंजूर होईपर्यंत दुरुस्त्यांना माझा विरोध होता, कारण त्यात सगळंच मोडून पडलं असतं. आता ती मंजूर झालीय, तेव्हा पहिल्याच काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या दुरुस्त्या आणाव्यात असं माझं मत आहे, आणि त्यात सर्वांत आधी धर्मश्रद्धेचं स्वातंत्र्य. जोडीला वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, ज्यूरीसमोर खटला वगैरे. विरोधक याला कोलांटउडी म्हणाले. मला ती हिशेबी माघार वाटते, आणि हिशेब चोख होता.

मग दोघे मित्र मतदारसंघात फिरले. बरेचदा एकत्रच! एका काउंटीच्या कचेरीपासून दुसऱ्या कचेरीपर्यंत, एकाच व्यासपीठावर आळीपाळीने बोलत. यातला एक प्रसंग मॅडिसनने म्हातारपणी सांगितलाय. कल्पेपरमध्ये जर्मन वंशाच्या लोकांचं एक ल्युथरन चर्च होतं, हेब्रन नावाचं. हे लोक एकगठ्ठा मत देणारे, म्हणून दोघेही तिथे गेले. आधी प्रार्थना झाली, मग दोन फिडलवर संगीत झालं. ते संपल्यावर मंडळी बाहेर बर्फात उभी राहिली आणि मॅडिसन-मन्रोंनी तिथेच त्यांना घटनेतली कलमं समजावली. मॅडिसन म्हणतो, लोक शांतपणे उभे होते, जणू कुस्ती लागलीय आणि ती बघणं आपलं काम आहे. नंतर रात्री बारा मैल घोडा हाकत तो मुक्कामी गेला आणि वाटेत थंडीने त्याचं नाक गोठलं. तो डाग जन्मभर राहिला. म्हातारा मॅडिसन नाकावर बोट ठेवून तो दाखवायचा.

निकाल २ फेब्रुवारी १७८९ च्या मतदानाचा : मॅडिसन १३०८, मन्रो ९७२. फरक ३३६ मतांचा. नातवाला आवडेल अशी गंमत पुढे आहे. काउंट्या मोजल्या तर चार-चार अशी बरोबरी. गूचलंडमध्ये मॅडिसन एका मताने हरला, १३२ विरुद्ध १३३. अ‍ॅमहर्स्टमध्ये शंभरावर मतांनी मागे, १४५ विरुद्ध २४६. पण घरच्या ऑरेंजमध्ये त्याला २१६ आणि मन्रोला किती? नऊ. आणि कल्पेपर, जिथे नाक गोठलं, तिथे २५६ विरुद्ध १०३. या दोनच काउंट्यांतली आघाडी ३६० होते, म्हणजे एकूण फरकाहून जास्त. वहीवर बेरीज करून बघितली मी, अगदी जुळते.

८ जून १७८९ ला मॅडिसनने काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या. सहकारी वैतागले, आधी जकातीचं बघू म्हणाले, पण याने धोशा सोडला नाही. शब्द देऊन बसला होता ना. सप्टेंबरमध्ये बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, त्यातल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या. तेच त्यांचे मूलभूत हक्क. (उरलेल्या दोनपैकी एक, खासदारांच्या पगाराविषयीची, मंजूर झाली थेट १९९२ साली. आपल्याकडच्या फायली उगाच बदनाम आहेत.) हेन्रीने मॅडिसनला अडवायला जो सापळा लावला, त्यात सापडूनच मॅडिसनला हे वचन द्यावं लागलं. सरळ सिनेटवर गेला असता तर त्याने इतका जोर लावला असता का? मला शंका आहे.

मैत्रीचं म्हणाल, तर निवडणुकीनंतर मॅडिसनने पॅरिसला जेफरसनला, म्हणजे दोघांच्या सामाईक मित्राला, लिहिलं की राजकीय भांडण आणि खासगी स्नेह यांत आम्ही फरक ठेवला, मैत्रीला ओरखडाही आला नाही. नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं ते. पुढे मॅडिसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मन्रो त्याचा परराष्ट्रमंत्री होता, आणि १८१७ मध्ये त्याच्या मागून त्याच खुर्चीवर बसला.

प्रश्न : मतदान तेव्हा गुप्त होतं का? आणि बायकांना मत होतं का?
— बिबवेवाडीच्या एक वाचक

उत्तर : गुप्त? ताई, मत ओरडून द्यायचं. काउंटीच्या कचेरीत शेरीफ टेबलाशी बसलेला, शेजारी कारकून, आणि उमेदवार तिथे असला तर तोही समोर खुर्चीत. मतदाराने पुढे यायचं, शेरीफने विचारायचं 'मत कुणाला?', आणि याने सगळ्यांदेखत नाव घ्यायचं. कारकून त्या नावाखाली याचं नाव लिहायचा. उमेदवार उठून, मान लववून आभार मानायचा. म्हणजे सावकाराला, जमीनदाराला, मेव्हण्याला, सगळ्यांना त्याच मिनिटाला कळलं की तुम्ही कुठे गेलात. ऑरेंजमध्ये मन्रोला मत देणारे ते नऊ जण माझ्या डोक्यातून जात नाहीत. मॅडिसनच्या गावात, मॅडिसनच्या माणसांसमोर, तोंड उघडून 'मन्रो' म्हणायचं!

मला यावरून १९९५ ची विधानसभा आठवते. मी शिक्षिका, म्हणून ड्यूटी ठरलेली. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत आमचं केंद्र. मी शाईच्या बाटलीवर होते, डावी तर्जनी पुसायची आणि काडीने रेघ ओढायची. दुपारी नऊवारीतल्या एक आजी आल्या. शाई लावून घेतली, मतपत्रिका हातात घेतली, बाणफुलीचा शिक्काही घेतला, आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहून खणखणीत आवाजात विचारलं, "बाई, मला अमक्याला द्यायचंय, कुठं मारू?" अमका म्हणजे खरंच नाव घेतलं त्यांनी. तिन्ही पोलिंग एजंट ताडकन उभे. एक म्हणतो मत बाद करा, दुसरा गालात हसतोय. आमचे केंद्राध्यक्ष सज्जन. म्हणाले, "आजी, नाव घ्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या आड जा, चित्र बघा, शिक्का मारा, आधी उभी घडी घाला." आजी म्हणाल्या, "का? मी काय चोरी करतेय?" व्हर्जिनियाचा शेरीफ असता तर त्याने आजींना खुर्ची दिली असती.

अर्थात तिथे आजींना दारातच अडवलं असतं. मत फक्त एकवीस वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांना, तेही जमीन असली तर : पडीक असेल तर ५० एकर, घर बांधलेली असेल तर २५, किंवा गावात घराचा प्लॉट. त्याच सुमारास न्यू जर्सी राज्यात मात्र ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित बायका मत देत होत्या, १८०७ पर्यंत. मग तो हक्क काढून घेतला. आपल्या मुंबई इलाख्यात विधिमंडळासाठी बायकांना मत मिळालं १९२१ साली, आणि तेही मालमत्तेच्या अटीवर.

आणि एक गोष्ट, जी मी वर्गात न चुकता सांगायचे. व्हर्जिनियाच्या दहा जागा ठरल्या त्या लोकसंख्येवर, आणि त्या लोकसंख्येत गुलाम पाचास तीन या दराने मोजलेले होते. ज्याला स्वतःचं मत नाही, त्याच्या डोक्यावर मालकाला जादा खासदार. मॅडिसनच्या माँटपेलियरच्या शेतीवर शंभरावर गुलाम राबत होते आणि मरतानाही त्याने त्यांना मुक्त केलं नाही. हक्कांची सनद मांडणारा तोच आणि हाही तोच. आपल्या गंज पेठेतल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना, ती मोडायला हा पुढचा सगळा काळ आणि एक यादवी युद्ध लागलं.

दारूचं राहिलंच. मतदारांना पाजायची रीत होती. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ साली विधिमंडळाला उभा राहिला तेव्हा मतदार होते ३९१ आणि त्याच्या खर्चाने वाटलेली दारू सुमारे १६० गॅलन. मॅडिसनने १७७७ मध्ये तत्त्व म्हणून पाजायला नकार दिला, आणि हरला. कुणाकडून? चार्ल्स पोर्टर नावाच्या गुत्तेवाल्याकडून.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दोन इमारतींमधून प्रभागाची हद्द गेलीय. ए विंग एका प्रभागात, बी विंग दुसऱ्यात. वर्तमानपत्रात याला 'जेरिमँडरिंग' म्हणतात. तो शब्द मॅडिसनच्या निवडणुकीतला का?
— वानवडीचे एक वाचक

उत्तर : नाही, तो तेवीस वर्षांनंतरचा आणि दुसऱ्या राज्यातला. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने फेब्रुवारी १८१२ मध्ये राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आखणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की २६ मार्चला बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख, नखं आणि चोच काढून छापला. सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा एक प्राणी, त्यात गेरीचं नाव मिसळलं. उच्चार खरा 'गेरी', जगभर 'जेरी' झाला, बिचाऱ्याचं नावही धड राहिलं नाही. उपयोग मात्र झाला : त्याच्या पक्षाला एकूण मतं कमी पडूनही ४० पैकी २९ जागा मिळाल्या. गेरी स्वतः त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक हरला आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला, मॅडिसनचाच.

तुमच्या विंगांबद्दल म्हणाल तर २०१७ ला चार जणांचा प्रभाग, २०२२ च्या आराखड्यात तीन जणांचा, मग पुन्हा चारचा, या खेळात हद्दी किती वेळा सरकल्या हे पुणेकर म्हणून मीही विसरले. पण वाकडी हद्द दिसली की लगेच कट समजू नका. कधी नाला असतो, कधी जनगणनेच्या गटाची रेघ. प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांची मुदत असते, त्या आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदतीनंतर मला पत्र लिहून काही होत नाही.

प्रश्न : शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही व्हर्जिनियाच्या तालुक्यांची मतं मोजत बसता. पेशवाईवर लिहायला लाज वाटते का?
— सदाशिव पेठ (सही वाचता आली नाही)

उत्तर : लाज नाही वाटत, नारायण पेठेत राहते. मॅडिसनचं नाक गोठलं त्या जानेवारीत शनिवारवाड्यावर सवाई माधवराव चौदा वर्षांचे होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती, महादजी शिंदे उत्तरेत, आणि इंग्रजांचा वकील मॅलेट पुण्यात येऊन तीन वर्षं होत आलेली. त्यांच्यापैकी कुणाला कुणी मत दिलं नव्हतं, म्हणून मोजायला काही मिळालं नाही. पेशवाईवर नेमका प्रश्न पाठवा, उत्तर देते. सही जरा सुवाच्य करा.

दुरुस्ती : गेल्या अंकात मन्रोचा जन्म १७५६ चा छापला गेला. तो १७५८ हवा. राजगुरुनगरच्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर लाल शाईने कळवलं. त्यांचे आभार, आणि पोस्टकार्ड अजून मिळतं हे कळल्याचा आनंद वेगळा.